क्रीटमधून सैन्य काढताना जहाजं फक्त तीन-चार तासच का थांबायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मे 1941 मध्ये क्रीट बेटावरून ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचं सैन्य काढताना नेव्हीची जहाजं मध्यरात्रीच्या सुमाराला यायची आणि पहाटे तीनच्या आसपास निघून जायची, किनाऱ्यावर हजारो लोक उभे असायचे, मग अजून दोन तास थांबून आणखी माणसं का घेतली नाहीत, आणि हेरवर्ड नावाच्या डिस्ट्रॉयरला (लहान, वेगवान युद्धनौका) बॉम्ब लागल्यावर बाकीची जहाजं तिला तशीच सोडून पुढे का गेली, हा भित्रेपणा नाही का.

मी नेव्हीत असताना बरीच वर्षं डॅमेज कंट्रोल शिकवलं, म्हणजे जहाजाला मार बसल्यावर पाणी, आग, सुकाणू, वीज हे सगळं कसं सांभाळायचं ते. क्रीटचं उदाहरण वर्गात दरवर्षी घ्यायचो आणि दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न विचारायचं. भित्रेपणा हा शब्द मला लागतो, म्हणून जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. जहाजांचा तळ इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. तिथून क्रीट साडेतीनशे सागरी मैलांपेक्षा थोडं जास्तच. पंचवीस-सव्वीस नॉटने, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, पळालं तरी एका बाजूला चौदा तास. मे अखेरीला त्या अक्षांशावर खरा अंधार असतो सात-आठ तास. म्हणजे जाऊन-येऊन अठ्ठावीस तासांचा प्रवास, त्यात मध्ये माणसं चढवायची, आणि अंधार जेमतेम आठ तास. हे गणित कुठल्याच बाजूने बसत नाही, काही तास उजेडात काढावेच लागणार. प्रश्न एवढाच उरतो की उजेडाचे तास नेमके कुठे काढायचे, शत्रूच्या विमानतळाच्या नाकासमोर की त्यापासून शक्य तितकं लांब. पहाटे तीनला निघायचं याचा अर्थ उजाडेपर्यंत साठ-सत्तर मैल लांब गेलेलं असायचं. पाचला निघालात तर उजाडताना तुम्ही किनाऱ्याला खेटून आहात, डेकवर हजार माणसं, आणि तिकडे स्टुका, म्हणजे जर्मनांची डोक्यावरून झेपावून बॉम्ब टाकणारी विमानं, दिवसातून तीन-चार वेळा बॉम्ब भरून परत येऊ शकतील इतक्या जवळ. एकदा येणारं विमान आणि चारदा येणारं विमान यात किती फरक पडतो ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हवाई हल्ल्याखाली सैन्य काढताना जहाज बुडणार की वाचणार याचा बराचसा निर्णय विमान दिसायच्या आधी झालेला असतो, आणि तो धक्क्यावरचं घड्याळ करतं. तोफा, शौर्य, कप्तानाचं कौशल्य हे सगळं नंतर.

याचा सगळ्यात वाईट पुरावा क्रीटच्या एक महिना आधीचा आहे. एप्रिल 1941 च्या शेवटी ग्रीसच्या मुख्य भूमीवरून सैन्य काढलं, साधारण पन्नास हजार माणसं निघाली. त्यात स्लामाट नावाचं डच प्रवासी जहाज 26 एप्रिलच्या रात्री नाफप्लिओला गेलं. हुकूम होता तीनला निघायचं. किनाऱ्यावर माणसं शिल्लक होती म्हणून चढवणं चालूच राहिलं, निघायला सव्वाचार झाले. त्या माणसांची दया आली म्हणून उशीर केला, यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तुम्ही मी असतो तरी कदाचित हेच केलं असतं. सकाळी सातच्या सुमाराला विमानांनी गाठलं आणि स्लामाट पेटलं. डायमंड आणि रायनेक या दोन डिस्ट्रॉयर वाचलेल्यांना उचलायला गेल्या, शेकडो लोक उचलले, आणि दुपारी सव्वा वाजता त्या दोघीही काही मिनिटांत बुडाल्या. तिन्ही जहाजांवरचे मिळून हजाराच्या जवळपास लोक गेले, वाचले पन्नासच्या आसपास. सव्वा तासाचा उशीर, बस. ज्या माणसांसाठी थांबले ती माणसंही गेली आणि जी आधीच जहाजावर चढली होती तीही.

क्रीटला जाणाऱ्या प्रत्येक कप्तानाला हे माहीत होतं, जेमतेम महिना झाला होता. त्यामुळे तीन वाजता दोर सोडायचा हुकूम देणारा माणूस पळपुटा नव्हता, तो डोळ्यासमोर स्लामाट ठेवून हुकूम देत होता.

आता हेराक्लिओनकडे, म्हणजे क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बंदराकडे येऊ, कारण तुमचा हेरवर्डचा प्रश्न तिथलाच. 28 मेला रिअर ॲडमिरल रॉलिंग्ज तीन क्रूझर (डिस्ट्रॉयरहून मोठ्या युद्धनौका) आणि सहा डिस्ट्रॉयर घेऊन निघाले. क्रूझर होत्या ओरायन, एजॅक्स, डायडो. डिस्ट्रॉयर होत्या डीकॉय, जॅकल, इम्पीरियल, हॉटस्पर, किंबर्ली आणि हेरवर्ड. जातानाच हल्ले झाले, एजॅक्सच्या अगदी जवळ बॉम्ब पडून नुकसान झालं म्हणून तिला परत पाठवलं. इम्पीरियलच्याही जवळ एक पडला पण तेव्हा तपासल्यावर काही बिघडलेलं दिसलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्री साडेअकराला हेराक्लिओन. बंदर लहान, क्रूझर आत नेण्यासारखं नाही, म्हणून डिस्ट्रॉयर आत जाऊन धक्क्यावरून माणसं भरायच्या आणि बाहेर उभ्या क्रूझरवर नेऊन सोडायच्या, मग शेवटी स्वतःसाठी भरायच्या. तीन वाजून वीस मिनिटांनी सगळे निघाले, चार हजारांच्या वर माणसं घेऊन. चार तासांपेक्षा कमी वेळात, दिवा न लावता, थकलेली, काही जखमी, हत्यारबंद माणसं दोनदा चढवणं-उतरवणं, हे काम किती अवघड आहे ते ज्याने रात्री शिडीवरून माणसं चढवली आहेत त्यालाच कळेल. आम्ही एकदा सरावात तीनशे माणसं अंधारात चढवली होती, कुणी बॉम्ब टाकत नव्हतं, समुद्र शांत होता, तरी ठरवलेल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. माणूस अंधारात शिडीच्या तोंडाशी येऊन थबकतो, पाय चाचपडतो, मागची रांग थांबते, सामान अडकतं, कुणीतरी मित्राला हाक मारत बसतो, आणि एकेका माणसामागे पाच सेकंद वाया गेले तर हजार माणसांमागे सव्वा तासाच्या वर जातो. हो, सव्वा तास, स्लामाटचाच.

निघाल्यावर पंचवीस मिनिटांनी, पावणेचारला, इम्पीरियलचं सुकाणू गेलं. मघाचा तो जवळ पडलेला बॉम्ब. ती भरकटली आणि क्रूझरला धडकता धडकता राहिली. डॅमेज कंट्रोल शिकवणाऱ्या माणसाला या गोष्टीवर थांबावंच लागतं. लोकांना वाटतं बॉम्ब लागला तरच जहाज जखमी होतं. तसं नाही. पाण्यात दहा-पंधरा मीटरवर फुटलेल्या बॉम्बचा धक्का पाणी जसाच्या तसा जहाजाच्या पोटाला देतं. पत्रे भेगाळतात, रिव्हेट सैल होतात, तेलाच्या टाकीत समुद्राचं पाणी शिरतं, सुकाणूच्या यंत्रणेतला एखादा पाइप मुरगळतो आणि तासन् तास काहीच दिसत नाही, मग नको त्या वेळी सगळं एकदम जातं. म्हणून मी वर्गात सांगायचो की जवळ पडलेला बॉम्ब म्हणजे लागलेलाच बॉम्ब समजा आणि स्टिअरिंग गिअर पुन्हा पुन्हा तपासा, एकदा बघून ठीक आहे म्हणून सोडू नका. फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य काढताना 1 जून 1940 ला कीथ या डिस्ट्रॉयरचंही हेच झालं होतं, जवळ पडलेल्या बॉम्बने सुकाणू अडकलं, ती गोल गोल फिरत राहिली, विमानविरोधी दारूगोळा संपत आलेला, आणि पुढच्या हल्ल्यांत बुडाली.

तर इम्पीरियल. रॉलिंग्जकडे दोनच रस्ते होते. सगळ्यांनी थांबून दुरुस्तीची वाट बघायची किंवा माणसं काढून तिला बुडवायचं. त्यांनी हॉटस्परला मागे पाठवलं, तिने अंधारात इम्पीरियलला बाजू लावून सगळे सैनिक आणि खलाशी उतरवून घेतले आणि टॉर्पेडो मारून तिला बुडवलं. पावणेपाच वाजले. हॉटस्परवर आता नऊशेच्या आसपास माणसं होती आणि ती एकटी. तिला गाठता यावं म्हणून बाकीच्या ताफ्याने वेग उतरवला. म्हणजे बघा, त्यांनी मागे राहिलेल्यांसाठी थांबायचं काम केलेलं आहे, आणि त्याची किंमत लगेच मोजली. दीड तास उशीर झाला, आणि क्रीटच्या पूर्वेला असलेल्या कासोसच्या सामुद्रधुनीत ते शिरले तेव्हा सूर्य वर आला होता. स्कार्पांटो बेटावरचा शत्रूचा विमानतळ तिथून अगदी हाकेच्या अंतरावर.

सहाला हल्ले सुरू झाले, आणि ते दुपारी तीनपर्यंत राहून राहून चालू होते. सहा पंचवीसला हेरवर्डला बॉम्ब लागला, वेग गेला, ती रांगेतून मागे पडली. रॉलिंग्जसमोर पुन्हा तोच प्रश्न, पण या वेळी उजेड होता आणि डोक्यावर विमानं होती. एक जहाज तिच्याजवळ थांबवलं असतं तर थांबलेलं जहाज म्हणजे स्टुकासाठी जमिनीवरच्या घरासारखं, हलत नाही, वळत नाही. डायमंड आणि रायनेकचं काय झालं ते वर सांगितलंच. दोन वर्षांनी काळ्या समुद्रात सोव्हिएत नेव्हीनेही हीच किंमत दिली, 6 ऑक्टोबर 1943 ला खारकोव्ह या जहाजाला मार बसल्यावर बाकीच्या दोघी तिला ओढत नेत राहिल्या आणि दिवसभरात तिघीही बुडाल्या. हेरवर्ड शेवटची दिसली ती क्रीटच्या किनाऱ्याकडे हळूहळू जाताना, आणि तिच्या तोफा चालू होत्या. ती बुडाली, पण किनारा जवळ होता, इटालियन बोटींनी बऱ्याच जणांना उचललं, ते कैदी झाले पण जगले. जवळ थांबलेलं दुसरं जहाज बुडालं असतं तर आणखी शेकडो गेले असते. सोडून गेले म्हणून हेरवर्डवरच्यांचं नुकसान वाढलं असं मला वाटत नाही, बाकीच्यांचे जीव मात्र वाचले.

पुढची गोष्ट ओरायनची, आणि ती सांगताना दरवेळी मला जड जातं. तिच्यावर अकराशेच्या आसपास सैनिक होते. आता हे अकराशे ठेवायचे कुठे? डेकवर ठेवले तर मशीनगनच्या गोळ्या आणि बॉम्बचे तुकडे, शिवाय तोफांच्या माणसांना हलायला जागा नाही, आणि वर वजन वाढलं की जहाज वळताना जास्त कलतं. बॉम्बपासून वाचायचं तर कप्तानाला पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूला टाकावं लागतं, बॉम्ब सुटलेला दिसला की वळायचं, आणि वरून जड झालेलं जहाज असं वळवणं हा वेगळाच धोका. म्हणून नियम असा की माणसं खाली, मधोमध, बसवून ठेवायची. ते बरोबरच आहे. पण खाली माणसं खच्चून भरलेली असताना बॉम्ब आत शिरला तर काय होतं, ते ओरायनवर झालं. साडेसातच्या सुमाराला कप्तान बॅक यांना गोळी लागली, ते गेले. नऊला एका तोफेवर बॉम्ब. पावणेअकराला एक बॉम्ब ब्रिजमधून, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो तिथून, थेट खाली गेला आणि स्टोकर लोकांच्या (बॉयलरवर काम करणारे) मेसडेकवर, म्हणजे त्यांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेत फुटला, तिथे सैनिक दाटीवाटीने बसले होते. या एका जहाजावर 260 माणसं मेली आणि 280 जखमी झाली.

त्यानंतर जे केलं ते बघा. ब्रिजवरून सुकाणूचा संपर्क तुटलेला, म्हणून माणसांची एक साखळी उभी केली, एकाने दुसऱ्याच्या कानात हुकूम सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असं मागच्या सुकाणूच्या खोलीपर्यंत. तेलात खारं पाणी गेलेलं, धूर कधी पिवळा कधी पांढरा, वेग कधी पंचवीस नॉट तर कधी बारा. अशा अवस्थेत त्यांनी जहाज घरी आणलं, रात्री आठला अलेक्झांड्रियात, टाकीत दहा टन तेल शिल्लक आणि मोठ्या तोफांचे स्फोटक गोळे दोन. डायडोलाही तोफेच्या बुरुजावर बॉम्ब लागला होता. निघाले होते चार हजारांच्या वर, उतरले साडेतीन हजारांच्या आसपास. भित्रेपणा हा शब्द मला का लागतो ते आता कळेल.

विमानं कुठे होती, हा पुढचा प्रश्न येतोच. इल्लस्ट्रियसच्या जागी आलेली फॉर्मिडेबल ही विमानवाहू नौका 26 मेला बॉम्ब लागून निकामी झाली होती. इजिप्तमधल्या तळांवरून लढाऊ विमानांचा टप्पा कासोसपर्यंत धड पुरत नव्हता, काही विमानं निघाली पण त्यांना जहाजं सापडली नाहीत, दुपारी बाराला पहिली ब्रिटिश विमानं दिसली. उशीर झाल्यामुळे भेटीच्या जागा आणि वेळाही चुकल्या हे विसरू नका, उशीर असा सगळीकडून खातो. पुढच्या दिवसांत नेव्ही आणि वायुदलाचा ताळमेळ सुधारला आणि फरक लगेच दिसला.

आणि जहाजाच्या स्वतःच्या तोफा? इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश डिस्ट्रॉयरच्या मुख्य तोफा चाळीस अंशांच्या वर उचलल्याच जात नव्हत्या. त्या दुसऱ्या जहाजांशी लढायला बनवलेल्या. स्टुका येतं सत्तर-ऐंशी अंशातून, जवळजवळ डोक्यावरून सरळ खाली. म्हणजे विमान लांब असताना थोडा वेळ मारा करता येतो आणि खरा धोका सुरू होतो तेव्हा मोठी तोफ गप्प, उरतात फक्त पॉम-पॉम (भराभर मारा करणाऱ्या लहान विमानविरोधी तोफा) आणि मशीनगन. दोन-तीन जहाजं जवळ असली तर एकीच्या डोक्यावरचं विमान दुसरीला तिरकं दिसतं, म्हणून एकत्र राहणं हेच खरं कवच. मागे पडलेलं एकटं जहाज म्हणून मरतं.

शिवाय दारूगोळा संपतो. 22 मेला, सैन्य काढायच्या आधीच, ग्लॉस्टर आणि फिजी या दोन क्रूझर बुडालेल्या ग्रेहाउंड या डिस्ट्रॉयरच्या वाचलेल्यांना मदत करायला पाठवल्या गेल्या तेव्हा ग्लॉस्टरकडे विमानविरोधी गोळे 18 टक्के उरले होते आणि फिजीकडे 30 टक्के. हुकूम देणाऱ्याला ते वेळेत कळलंच नाही. ग्लॉस्टर त्याच दुपारी गेली, सातशेहून जास्त माणसं घेऊन. फिजी वीसेक हल्ले चुकवत राहिली, शेवटी सरावाचे गोळे मारत होती, आणि संध्याकाळी एकट्या मेसरश्मिट या जर्मन विमानाच्या बॉम्बने संपली. म्हणून कुठलीही तुकडी पाठवायच्या आधी किती गोळे उरलेत हे विचारायचं, ही साधी गोष्ट आम्ही पोरांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवायचो.

आता स्फाकिया, दक्षिण किनारा. तिथे बंदर नाही, छोटी दगडगोट्यांची किनारपट्टी आणि मागे उंच कडा, रस्ता कड्याच्या वरच संपतो, माणसांनी अंधारात पायवाटेने उतरायचं. जहाज बाहेर उभं, मध्ये होड्या. पहिल्या रात्री, म्हणजे 28 मेच्याच रात्री, चार डिस्ट्रॉयर फक्त सातशेच्या आसपास माणसं काढू शकल्या, किनाऱ्यावरच्यांसाठी रेशन उतरवलं ते वेगळं. दुसऱ्या रात्री ग्लेंगाइल ही सैन्य वाहून नेणारी नौका आली, तिच्याकडे किनाऱ्याला टेकणाऱ्या सपाट तोंडाच्या होड्या होत्या, आणि त्याच किनाऱ्यावरून तेवढ्याच तासांत सहा हजार निघाले. सातशे आणि सहा हजार, यातला मोठा फरक होडीचा. किती जहाजं आणली यापेक्षा एका फेरीत पाण्याच्या कडेवरून किती माणसं उचलता येतात ते बघायला पाहिजे. डंकर्कलाही तेच. 26 मे ते 4 जून 1940, एकूण 338,226 माणसं, आणि सगळ्यांच्या मनात चित्र आहे ते वाळूवरच्या रांगा आणि छोट्या बोटींचं, पण त्यातली साधारण दोन तृतीयांश माणसं बंदरातून निघाली, मुख्यतः पूर्वेकडच्या लाटारोधक बांधावरून. तो बांध जहाजं लावायला बांधलेलाच नव्हता, वर तीन-चार माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी लाकडी वाट. तिथली व्यवस्था बघणाऱ्या कॅप्टन टेनंट यांनी एक जहाज लावून बघितलं, जमलं, आणि सगळ्या मोहिमेचं गणित बदललं. होडीने एका फेरीत पंचवीस माणसं नेण्यापेक्षा जहाजाच्या कडेला चालत जाणारी रांग किती पटीने जास्त नेते, हिशोब करून बघा.

अर्थात धक्क्याला बांधलेलं जहाज वळू शकत नाही. 29 मेला ग्रेनेड ही डिस्ट्रॉयर त्या बांधालाच लागलेली असताना बॉम्ब लागून पेटली आणि बंदराच्या तोंडात बुडून वाट अडवेल अशी भीती निर्माण झाली, तिला ओढून बाजूला केलं. त्या संध्याकाळी बंदर बंद झालं असा चुकीचा निरोप इंग्लंडमधल्या डोव्हरला, मोहिमेच्या मुख्यालयाला गेला आणि रात्रभर मोठी जहाजं तिकडे आलीच नाहीत, म्हणजे एका चुकीच्या निरोपाने अख्खी रात्र घालवली. 1 जूनला कीथ, बॅसिलिस्क, हॅवंट एकाच दिवशी गेल्यावर तिथेही दिवसा माणसं काढणं थांबवलं. आणि लक्षात घ्या, डंकर्कचा सगळ्यात जवळचा रस्ता 39 सागरी मैलांचा होता आणि इंग्लंडमधले विमानतळ पलीकडेच. एवढं असूनही शेवटी रात्रीवरच यावं लागलं.

अंतर कमी असेल तर मात्र नियम थोडे वाकतात. ऑगस्ट 1943 मध्ये जर्मनांनी सिसिलीतून चाळीस हजारांच्या आसपास आपली माणसं आणि हजारो गाड्या मेसिनाच्या सामुद्रधुनीतून काढल्या, आकाश मित्रराष्ट्रांचं होतं, तरी. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी तीनच किलोमीटर, दोन्ही काठांवर विमानविरोधी तोफांची दाटी, आणि फेऱ्या करायला सपाट फेरी-बोटी. तिथे त्यांनी दिवसाही माणसं नेली. जपान्यांनी फेब्रुवारी 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावरून दहा हजारांच्या वर माणसं तीन रात्रींत काढली, फक्त डिस्ट्रॉयर वापरून, वेगाने यायचं, होड्यांतून उचलायचं, पहाटेच्या आत टप्प्याबाहेर. एकच डिस्ट्रॉयर पूर्ण गमावली. झेंडा कुणाचाही असो, अंधार आणि वेग यांचं गणित तेच. उलटं उदाहरण एस्टोनियातल्या टालिनचं, ऑगस्ट 1941, सोव्हिएत ताफ्याच्या वाटेत एवढे सुरुंग होते की रात्री चालणं अशक्य झालं, नांगर टाकून उजाडायची वाट बघावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी विमानांनी सैनिकांनी भरलेली वाहतूक जहाजं एकेक करून गाठली. हजारो गेले. म्हणजे ज्याच्या हातून रात्र काढून घेतली त्याचं काय होतं ते तिथे दिसतं.

परत क्रीटला. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम यांच्याबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात, की जहाज बांधायला तीन वर्षं लागतात आणि परंपरा उभी करायला तीनशे, अशा अर्थाचं ते बोलले आणि सैन्याला सोडायला नकार दिला. ते खरंच आहे. पण मला त्याहून जास्त पटते ती 30 मेची गोष्ट. त्या संध्याकाळी फीबी ही क्रूझर माणसं घेऊन अलेक्झांड्रियाला परतली होती, तिचे लोक थकून गेलेले. न्यूझीलंडचे पंतप्रधान पीटर फ्रेझर तिथे होते, त्यांची माणसं अजून स्फाकियाला अडकलेली, त्यांनी अजून एक जहाज मागितलं. आधीच ठरलेल्या शेवटच्या फेरीत फीबीलाही परत पाठवायचं ठरलं, आणि ती गेली. त्या शेवटच्या रात्री जवळजवळ चार हजार माणसं निघाली. त्यांना भेटायला अलेक्झांड्रियाहून निघालेली कलकत्ता ही विमानविरोधी क्रूझर 1 जूनच्या सकाळी बंदरापासून शंभर मैलांवर दोन विमानांनी बुडवली, सोबतच्या कॉव्हेंट्री या जहाजाने तिची 255 माणसं उचलली.

एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास सैनिक निघाले. नेव्हीने क्रीटच्या सगळ्या लढाईत तीन क्रूझर आणि सहा डिस्ट्रॉयर गमावल्या, अठराशेहून जास्त खलाशी मेले. म्हणजे साधारण नऊ सैनिक काढले त्यामागे एक खलाशी गेला. हे आकडे एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा आणि मग थांबले का नाहीत ते विचारा.

मागे राहिलेल्यांचं दुःख मात्र खरं आहे, ते मी कमी करून सांगणार नाही. क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेथिम्नोच्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांपर्यंत माघारीचा हुकूम पोचलाच नाही, त्या लढत राहिल्या आणि कैद झाल्या. हेराक्लिओनला जखमी मागे ठेवावे लागले. स्फाकियाला शेवटपर्यंत सगळ्यांची पाठ राखणारी ऑस्ट्रेलियन 2/7 बटालियन गर्दीतून वाट काढत किनाऱ्यावर पोचली तेव्हा शेवटच्या होड्या निघत होत्या, जी माणसं सगळ्यात शेवटी हटली तीच राहिली. तिथेही घड्याळ, पण तिथे चूक किनाऱ्यावरच्या रांगेची आणि वाटेची होती, जहाजाच्या कप्तानाची नव्हती. पाठ राखणाऱ्यांसाठी होड्यांत जागा राखून ठेवायला आणि वाट मोकळी ठेवायला किनाऱ्यावर कडक माणूस लागतो, आणि ते जहाजावरून करता येत नाही. मला वाटतं क्रीटमध्ये खरी सुधारणा करण्यासारखी जागा हीच होती.

स्फाकियाला मागे राहिलेल्या सपाट होड्यांपैकी एक रॉयल मरीन्सच्या मेजर गॅरेट यांनी ताब्यात घेतली, 130 च्या वर माणसं घेऊन आफ्रिकेकडे निघाले. इंधन संपल्यावर घोंगड्या जोडून शीड केलं, ते वाऱ्याला धरेना तेव्हा माणसं पाण्यात उतरून होडीचं तोंड वळवायची. आठवड्याहून जास्त दिवसांनी ते सिदी बर्रानीजवळच्या किनाऱ्याला लागले. बाकीच्यांपैकी काहींना क्रीटच्या गावकऱ्यांनी डोंगरात लपवलं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये थ्रॅशर आणि टोर्बे या पाणबुड्यांनी प्रेवेलीच्या मठाखालच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात त्यांना उचललं.